हेडिंग वन कोणाचं?

वर्डमध्ये ‘सटल एम्फसिस’ नावाची एक सोय आहे. एखादा शब्द कुणाच्या डोळ्यांत न खुपता, किंचितसा उठवायचा असेल तर ती वापरायची. अक्षरं जरा तिरकी होतात, जरा करडी होतात आणि गुपचूप उभी राहतात. ही सोय ज्याने काढली तो उरणला हळदीला आलेला नसावा. आमच्याकडे उठवायचं म्हणजे उठवायचं. हळदीच्या रात्री करंजा ते जासई या पट्ट्यात जे काही उठवलं जातं, त्याने मोरा बंदरातली लाँचसुद्धा हलते, मग समुद्राला ओहोटी असो नाहीतर भरती.

तरीही ही सटल एम्फसिस आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर नांदते आहे. तिच्या शेजारी इंटेन्स एम्फसिस, स्ट्राँग, कोट, इंटेन्स कोट, बुक टायटल अशी सगळी भावंडं आहेत, आणि सगळ्यांच्या आधी, घरातल्या थोरल्यासारखा, नॉर्मल. या रांगेला स्टाइल्स म्हणतात. कंपनीने तिला पडद्याच्या माथ्यावर, होम टॅबच्या उजव्या अंगाला ऐसपैस जागा दिली आहे. तहसील कचेरीच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांत अर्जाची वाट बघत मी पुष्कळ उभा राहिलो आहे. माउस त्या बाजूला गेलेला पाहिला नाही. गेलाच तर चुकून गेला, चांगला चाललेला परिच्छेद एकदम मोठा आणि निळा झाला, आणि ऑपरेटरदादाने घाईघाईने कंट्रोल झेड दाबून त्याला पुन्हा माणसांत आणलं.

कल्पना तशी साधी आहे. ही ओळ कशी दिसावी ते सांगायचं नाही, ती कोण आहे ते सांगायचं. हे मुख्य शीर्षक, हे त्याच्या खालचं, हा मजकूर. एकदा ओळख करून दिली की कपडे यंत्र चढवतं. पुढे सगळीच शीर्षकं लाल हवी झाली, तर एका ठिकाणी लाल म्हणायचं, शंभर पानांवरची शंभर शीर्षकं लाल होतात. आम्ही मात्र प्रत्येक शीर्षकापाशी जातीने जातो, त्याला निवडतो, बी दाबतो, यू दाबतो, आकडा वाढवतो, मधोमध नेतो. पुढच्या शीर्षकापाशी पोहोचेपर्यंत मागच्याला कितीचा आकडा दिला होता ते विसरलेलं असतं. म्हणून आमच्या अहवालांत पहिलं प्रकरण अठराचं, दुसरं सोळाचं, आणि तिसऱ्याच्या वेळी लाइट गेलेली असल्यामुळे बाराचं.

आता कुणी म्हणेल, उरणकरांना ही मोठ्या-लहानाची उतरंड कळत नसेल. त्याने चारफाट्यावर उभं राहून वाढदिवसाचा एक फ्लेक्स वाचावा. वर्डमध्ये शीर्षकाच्या नऊ पायऱ्या आहेत, हेडिंग वन ते हेडिंग नाइन. नऊच्या खाली माणूस काय जाणार, असं कंपनीला वाटलं असावं. आमच्या फ्लेक्सवर नऊ पायऱ्या फोटोंच्या पहिल्या दोन रांगांतच संपतात. सगळ्यात वर पक्षाचे दिल्लीचे नेते असतात. ते आकाराने सुपारीएवढे, पण जागेने सर्वोच्च. त्यांच्या खाली मुंबईचे, जरा मोठे. मग जिल्ह्याचे, आणखी मोठे. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावून, सहा फूट. त्याच्या नावामागे ‘युवकांचे आशास्थान’ ही दोन शब्दांची अक्षरं नावापेक्षा लहान पण बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. तळाशी शुभेच्छुक. त्यांच्यातही कमानीजवळचे, कडेचे, आणि ‘समस्त मित्र परिवार’ या सामुदायिक खड्ड्यात टाकलेले. म्हणजे उंचीचा मान वेगळा आणि आकाराचा मान वेगळा, अशा दोन उतरंडी एकाच फ्लेक्सवर एकमेकींना धक्का न लावता चालतात. ही करामत वर्डला येत नाही. आणि ज्याने ही करामत केली, त्या फ्लेक्सवाल्या पोराला हेडिंग टू म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही. शिकवायची गरजच नव्हती, त्याच्या घरी चार काका आहेत.

लग्नपत्रिकेचं तेच. कुलदैवतं वर, मग आमचे येथे अमुक कृपेकरून, मग चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग मामा कंपनी, आणि सगळ्यात शेवटी ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी किलबिल. किलबिलीतल्या मुलाला अजून बोलता येत नसलं तरी चालतं. हा साचा इतका पक्का आहे की दुकानात पत्रिका तपासायला आलेला माणूस मजकूर वाचतच नाही, तो फक्त आपल्या नावाची उंची बघतो. ‘मना नाव मोठा पायजे, बाकीचा तुजा तू बग,’ असं एका गृहस्थांनी माझ्यासमोर ऑपरेटरदादाला सांगितलं होतं. स्टाइल्सचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात आलं होतं, पण कंपनीचा माणूस ऐकायला तिथे नव्हता.

मग अर्ज टाइप करताना ही अक्कल जाते कुठे? माझा संशय टाइपरायटरवर आहे. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, आणि पुढची चार-पाच दशकं कोर्टकचेरीच्या आवारातलं सगळं लेखन त्या खडखडाटातून गेलं. टाइपरायटरला अक्षराचा एकच आकार. तिथे नॉर्मल सोडून दुसरी स्टाइलच नव्हती. शीर्षक मधोमध आणायचं तर अक्षरं मोजायची, निम्मी करायची, तेवढे खटके मागे जायचं. ठळक करायचं तर गाडा मागे ओढून खाली रेघ मारायची. परिच्छेदाला पाच जागा सोडायच्या. आमच्याकडचे जाणते ऑपरेटर मराठी तीस आणि चाळीसच्या परीक्षा त्या यंत्रावर देऊन आलेले. बोटांनी एकदा हिशेब शिकला की तो सुटत नाही. समोर कॉम्प्युटर आला तरी ते स्पेसबारने मोजूनच शीर्षक मधोमध नेतात, आणि ते बरोबर मधोमध जातं, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. मात्र मग कुणी फाँट बदलला की ते शीर्षक डावीकडे किंवा उजवीकडे घरंगळतं आणि दादा म्हणतात, ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे.’

वर्डला हा इतिहास माहीत नाही. २००७ च्या वर्डने ठरवलं की नॉर्मल म्हणजे ओळींमध्ये सव्वाच्या जरा आत, १.१५ पट अंतर, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर दहा पॉइंट मोकळी जागा. हे त्याने मनाशी ठरवलं, दादांना सांगितलं नाही. दादा आपल्या सवयीने परिच्छेदानंतर दोनदा एंटर मारणार. यंत्राची जागा अधिक दादांची जागा, असा दुहेरी कर भरत अर्ज खाली खाली सरकतो, आणि ‘आपला विश्वासू’ एकटाच दुसऱ्या पानावर जाऊन पडतो. अर्ज इथे, विश्वासू तिथे. छपाईचे पैसे पानागणिक असल्यामुळे गिऱ्हाईक भडकतं. मग दादा अक्षर बारीक करतात, समास खातात, विषय आणि संदर्भ एकमेकांच्या मांडीवर बसवतात आणि विश्वासूला ओढून पहिल्या पानावर आणतात. तीच जागा एका झटक्यात काढून टाकणारी ‘नो स्पेसिंग’ नावाची स्टाइल नॉर्मलला खेटूनच बसलेली असते, आणि हे सगळं बघत असते.

याचा अर्थ आमच्याकडे साचा नाही असा मात्र कुणी घेऊ नये. साचा आहे, तो वर्डमध्ये नसून वर्डच्या फाइलमध्ये आहे. कालच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, सेव्ह ॲज करायचं. काल जी फाइल उघडली होती ती परवाच्या गिऱ्हाइकाची होती. असं मागे मागे गेलं तर सगळ्या उरण तालुक्याच्या अर्जांचा एक मूळ पुरुष कुठेतरी सापडेल, ज्याने पहिल्यांदा ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ असं लिहिलं आणि दमून घरी गेला. त्यानंतर कुणी वाक्य बदललेलं नाही. रेशनकार्डात नाव चढवायचं असो, विहिरीत बैल पडलेला असो, की पोराला बंदरात नोकरी हवी असो, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरूनच. डिफॉल्ट म्हणतात तो हाच, आणि तो बदलायची सोय कुठल्याही मेनूत नाही.

या वंशावळीत कधीकधी पूर्वज डोकावतात. बोकडवीऱ्याच्या माणसाच्या प्रतिज्ञापत्रात तिसऱ्या पानावर अचानक ‘मी राहणारी करंजा’ असा खुलासा येतो. वारस नोंदीच्या अर्जात अर्जदाराचे वडील पहिल्या परिच्छेदात मयत असतात आणि चौथ्यात त्यांनी समक्ष सही केलेली असते. अधिकारीही हे इतक्या सरावाने वाचतात की त्यांची नजर नेमकी बदललेल्या जागांवरच जाते. मधला मजकूर आजतागायत कुणी वाचलेला नसावा, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर त्यात काय लपलेलं आहे याची कल्पनाच करवत नाही.

स्टाइल्सचा प्रचार मी एकदा करून पाहिला. एका दादांच्या दुकानात गर्दी नव्हती म्हणून त्यांना नॉर्मलमध्ये नेलं, बाराचं चौदा केलं, ठीक आहे म्हटलं, आणि अख्खी फाइल एका क्षणात अंग झटकून मोठी झाली. मला वाटलं, दादा खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हंजे कुनीतरी येक जागी येक बटन दाबला, का माजी सगली पाना हलनार?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न वर्डपुरता नव्हता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं अधिसूचनांच्या फटक्यात नव्या शहराच्या नकाशात गेली. भातखाचरं, मिठागरं, खाड्या, सगळ्यांची स्टाइल एकाच जागेवरून बदलली. मग तेलवायू आला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि परवा परवा, जानेवारी २०२४ मध्ये, एकाच दिवशी शिवडीहून सागरी सेतू आणि नेरूळच्या बाजूने उरणपर्यंत रेल्वे. मधल्या काळात, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा आमच्या लोकांना मिळाला तो त्या लढ्यातून. ज्या तालुक्याने ‘एका ठिकाणी बदला, सगळीकडे बदलेल’ हे इतक्या मोठ्या प्रमाणावर अनुभवलं, तिथला माणूस प्रत्येक ओळीपाशी जातीने जाऊन तिला स्वतः बी दाबत असेल, तर त्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

त्या साडेबारा टक्क्यांच्या अर्जांवर कितीतरी टायपिंगवाल्यांची चूल पेटली. आणि त्या अर्जांनी फाँटचे जे हाल पाहिले ते कुणी पाहिले नसतील. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ण बसवलेला आहे. त्यामुळे कुणी सरळ हाताने साडेबारा टाइप केले की कागदावर ‘१२ण्५ टक्के’ उमटतात, आणि डॉक्टरांचे ‘डॉण्’ होतात. हाच कागद कृतिदेव नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की तिथे मराठीच नसतं. ‘विषय’ हा साधा तीन अक्षरी शब्द एफ, ओ, अवतरणचिन्ह, के आणि अर्धविराम असा पाच तुकड्यांत पडलेला असतो. श्री-लिपीवाला कृतिदेववाल्याचं वाचू शकत नाही, कृतिदेववाला आयएसएमवाल्याचं. आगरी, कोळी आणि कऱ्हाडी एका बाकावर बसून एकमेकांची बोली समजून घेतात, पण तीन दुकानांतले तीन मराठी फाँट नाही.

यावर उतारा युनिकोड. विंडोजबरोबर मंगल हा फाँट आला तो र. कृ. जोशींच्या हातचा. जोशी कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे. इतक्या मोठ्या माणसाचं अक्षर आमच्या प्रत्येक उत्पन्नाच्या दाखल्यावर विराजमान आहे आणि त्याची आम्हाला एकच ओळख, ‘साधा फाँट’. ‘मंगलमध्ये काढू की चांगल्यामध्ये?’ असं दादा विचारतात.

मंगलने मराठी वाचवलं, पण एक नवा घोळ घातला, आणि तो आमच्या वर्मावर बसला. वर्डच्या हिशेबात देवनागरी ही अरबी, हिब्रू, थाई यांच्या पंगतीतली गुंतागुंतीची लिपी. तिच्यासाठी प्रत्येक स्टाइलमध्ये फाँट आणि आकार यांचा वेगळा कप्पा असतो, इंग्रजीचा वेगळा. एका कप्प्यात चौदा लिहिले म्हणजे दुसऱ्यात होतीलच असं नाही. त्यामुळे मराठी मजकूर मंगलमध्ये चौदाचा आणि मधले इंग्रजी आकडे कॅलिब्रीत अकराचे, असा कागद निघतो. आता अर्जातले आकडे म्हणजे काय? सर्व्हे नंबर, हिस्सा, गुंठे. सातबाऱ्यावर आयुष्य काढलेला म्हातारा कागद हातात घेतो, ‘जमीन’ हा शब्द ऐसपैस पसरलेला आणि तिच्या पुढचं क्षेत्र मुंगीएवढं. तो ऑपरेटरकडे असा काही बघतो की जणू यानेही थोडी काढून घेतली.

कॅलिब्रीचा विषय निघालाच आहे तर आमच्या जमीनव्यवहारवाल्यांच्या कानावर एक गोष्ट घालायला हवी. जुन्या तारखेची इसारपावती आज करून ठेवणं ही कला काही फक्त पाकिस्तानात नाही. पण पाकिस्तानात ती फाँटने उघडी पाडली. २०१७ च्या जुलैत नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेच्या चौकशीत त्यांच्या कन्येच्या नावाचा एक दस्त पुढे आला. तारीख फेब्रुवारी २००६ ची, अक्षर कॅलिब्री. कॅलिब्री सर्वसामान्यांच्या हाती आला तो २००७ मध्ये, ऑफिसबरोबर. लंडनच्या तज्ज्ञाने तेवढंच बोट ठेवलं. शरीफ यांचं पद त्याच महिन्यात गेलं ते दुसऱ्या कारणाने, पण जगभर गाजला तो फाँट. ज्याने तो दस्त केला त्याने शिक्के, सह्या, साक्षीदार सगळं सांभाळलं असेल. नॉर्मलमध्ये काय आहे तेवढं बघायचं राहिलं. आमच्याकडे जुना स्टॅम्प पेपर मिळवायची खटपट करणारे बहाद्दर आहेत, जुनी शाई शोधणारे आहेत. जुना फाँट लागतो हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही, आणि मी ते इथे लिहायला नको होतं.

न्यायालयं मात्र शहाणी झाली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून सांगून टाकलं: कागद ए-फोर, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन, चौदा, ओळींत दीडपट अंतर, डावीउजवीकडे चार सेंटिमीटर समास. देशाच्या सर्वोच्च पीठाने स्टाइल मॉडिफाय करून दिली. हिरव्या लेजर कागदावर वाढलेल्या वकिलांना ते जरा जड गेलं. आमच्या एका वकीलसाहेबांचं म्हणणं असं की कागद हिरवा नसला की अशिलाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

कंपनीने मात्र २०२३ मध्ये परत सगळं हलवलं. कॅलिब्रीला निवृत्त करून ॲप्टॉस नावाचा फाँट नॉर्मलच्या गादीवर बसवला. ॲप्टॉस हे कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावाचं नाव. समुद्रकाठचं छोटं गाव जगाच्या प्रत्येक पत्रात जाऊन बसू शकतं, हे वाचून मी दादांना म्हटलं, एखादा ‘केगाव’ नावाचा फाँट यायला काय हरकत आहे? दादा म्हणाले, आमच्याकडे अजून २००७ च आहे, आणि ते कुठून आलं ते विचारू नका.

खरी परीक्षा झाली ती एका मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या वेळी. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली: लेखाचं नाव, मग पूर्णविरामाची कळ दाबून धरलेल्या ठिपक्यांची रांग, मग पान. रांगा कडेला एकाखाली एक याव्यात म्हणून कुठे ठिपका काढ, कुठे घाल, हे काम दोघे जण एका संध्याकाळभर करत होते. ते जमलं आणि एका कंटेनर यार्डवाल्याची पूर्ण पान जाहिरात आली. सगळे आकडे एकाने पुढे. ते दुरुस्त केले तर वाळू-खडीवाल्यांची अर्धं पान. मी म्हटलं, सगळ्या लेखांच्या नावांना हेडिंग वन द्या, अनुक्रमणिका वर्ड आपोआप करतो, रात्रीतून दहा जाहिराती आल्या तरी एक कळ दाबायची. सगळ्यांना पटलं. तिथल्या तिथे नावं निवडली, हेडिंग वन दिलं, अनुक्रमणिका खटकन उभी राहिली. ठिपके सरळ, आकडे बरोबर.

अध्यक्षांनी चष्मा लावला. ‘अध्यक्षांचे मनोगत’, ‘सचिवांचे मनोगत’, ‘खजिनदारांचे मनोगत’, तिन्ही एका उंचीचे, एका रंगाचे, एका रेषेत.

‘खजिनदाराचं आणि माझं सारखंच?’ अध्यक्ष म्हणाले.

मी सुचवलं की बाकीच्यांना हेडिंग टू देऊ. खजिनदारांनी विचारलं, पंचवीस वर्षं पावत्या कोणी फाडल्या? सचिव म्हणाले, मला टू चालेल, पण खजिनदारालाही टूच असेल तर मला थ्री द्या, मी त्याच्या बरोबरीने बसणार नाही. मग माजी अध्यक्षांचा विषय निघाला. ते हयात आहेत, मनोगत त्यांचंही आहे, आणि आत्ताचे अध्यक्ष त्यांचे भाचे. मामाला भाच्याच्या खाली घालायचं कसं, यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. दादा दुकानाचं अर्धं शटर ओढून बसले होते. शेवटी सर्वानुमते ठराव झाला की स्मरणिकेत अनुक्रमणिका ठेवू नये. त्या पानावर आणखी एका ट्रान्सपोर्टवाल्याची जाहिरात घेतली, रंगीत.